संकेतस्थळावरचा ईमेल पत्ता आणि स्पॅम: प्रकल्प नोंदी

११ नोव्हेंबर २०२४

या कामाची वही आज उघडली, आणि ती उघडण्याचे कारण फारसे अभिमानाचे नाही. अक्कलकोट तालुक्यातील एका शेतकऱ्याने २३ ऑक्टोबरला मला ईमेल पाठवला होता. त्यांच्या कुटुंबाची थोडी जमीन सीमेपलीकडे कर्नाटकातील अफजलपूर तालुक्यात आहे आणि वाटणीच्या दाव्यात लावण्यासाठी त्यांना तेथील पहाणीचा, म्हणजे आपल्याकडील सातबाऱ्यासारख्या उताऱ्याचा, कन्नडमधून मराठी अनुवाद हवा होता. हा ईमेल एकोणीस दिवस स्पॅमच्या पेटीत पडून राहिला. जुन्या पावत्या शोधताना तो आज सहज दिसला. मी लगेच फोन केला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “ताई, तारीख होऊन गेली. आम्ही दुसरीकडनं करून घेतलं.”

दोष माझाच होता. मे महिन्यात स्पॅमचा इतका वैताग आला होता, की होस्टिंगच्या, म्हणजे संकेतस्थळ आणि ईमेल सांभाळणाऱ्या भाड्याच्या सेवेच्या, पॅनेलमध्ये जाऊन मी स्पॅमअसॅसिनची मर्यादा ५ वरून २ वर आणली. हा गाळणी लावणारा प्रोग्राम प्रत्येक ईमेलला अनेक नियमांनुसार गुण देतो आणि बेरीज मर्यादेला पोहोचली की त्या ईमेलला स्पॅम ठरवतो. मूळ मर्यादा ५ असते. मजकूर जवळजवळ नाही आणि चित्रेच आहेत, अशा ईमेलला काही नियम गुण लावतात, आणि माझे अशील नेमके तसेच लिहितात: विषयाच्या जागी कन्नडमध्ये एखादा शब्द, खाली “किती होतील?” एवढाच प्रश्न आणि मोबाइलवर काढलेले कागदांचे दोन फोटो. ५ च्या मर्यादेत असे ईमेल निभावून जात होते, २ च्या मर्यादेत अडकू लागले.

अनोळखी माणसाच्या ईमेलकडे संशयाने पाहिले तरी बहुतेकांचे काही बिघडत नाही. माझ्या धंद्यात मात्र प्रत्येक नवे काम अनोळखी माणसाकडूनच येते. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांत कागद फिरतात आणि अनुवादकाचा पत्ता लोक संकेतस्थळावरूनच उचलतात. तेव्हा गाळणी आणखी बारीक करण्याऐवजी मुळात येणारा कचरा कमी करायचा, असे ठरवले आहे. माझ्या संकेतस्थळावर ईमेल पत्ता २०१७ पासून उघडा लिहिलेला आहे. कामाला तेथूनच सुरुवात.

१२ नोव्हेंबर

पत्ते गोळा करणारे प्रोग्राम पान माणसासारखे पाहत नाहीत. ते पानाचा मूळ कोड उतरवून घेतात आणि त्यात अ‍ॅट चिन्ह व त्याच्या दोन्ही बाजूंची सलग अक्षरे, किंवा ईमेल लिहायला उघडणाऱ्या लिंकमधील ‘मेलटू’ हा शब्द शोधतात. त्यामुळे पडद्यावर पत्ता कोठे दिसतो हे पाहून भागत नाही, तो फाइलींत कोठे कोठे लिहिला आहे हे पाहावे लागते. सगळ्या फाइली संगणकावर उतरवून त्यांत पत्ता शोधला. माझ्या आठवणीत तो दोन ठिकाणी होता, पण प्रत्यक्षात सहा ठिकाणी सापडला. संपर्काच्या पानावर आणि प्रत्येक पानाच्या तळाशी तो आहे हे ठाऊक होते. दरपत्रकाच्या पीडीएफमध्ये, मोबाइलमध्ये नाव साठवण्यासाठी ठेवलेल्या संपर्क-फाइलीत आणि शोधयंत्रांसाठी पानाच्या शिरोभागात दिलेल्या रचनाबद्ध माहितीतही तो होता, हे विसरले होते. सहावी जागा पाहून हसू आले. सात वर्षांपूर्वी हे संकेतस्थळ बनवून देणाऱ्या मुलाने कोडमधील टिपणात ‘अडचण आल्यास मॅडमना येथे लिहावे’ असे म्हणून माझा पत्ता देऊन ठेवला होता. माणसांना ते टिपण कधीच दिसले नाही, यंत्रांना मात्र पहिल्या दिवसापासून दिसत होते.

रोबोट्स फाइलीचाही विचार केला. कोणती पाने वाचू नयेत हे बॉटना, म्हणजे पाने आपोआप वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामना, सांगणारी ही पद्धत १९९४ पासून चालत आली आहे आणि २०२२ मध्ये तिला आरएफसी ९३०९ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजाचे लेखी रूप मिळाले. पण ती विनंती आहे, कुलूप नव्हे. शोधयंत्रे ती पाळतात आणि पत्ते चोरणारे पाळत नाहीत, त्यामुळे या कामात तिचा उपयोग नाही. उलट ‘हे पान पाहू नका’ असे लिहून ठेवणे म्हणजे तिजोरीवर ‘तिजोरी’ अशी पाटी लावणे होईल.

१७ नोव्हेंबर

एक गोष्ट आज मान्य करून टाकली: जुना पत्ता आता लपवता येणार नाही. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये माझ्या संकेतस्थळाच्या जुन्या प्रती आहेत आणि त्यांत तो स्पष्ट दिसतो. ती प्रत उद्या निघाली, तरी ज्या याद्यांमध्ये पत्ता एकदा शिरला त्या याद्या विकत-विकत पुढे जात राहतात. सांडलेले तेल भरता येत नाही. म्हणून नवा पत्ता करायचा, तो पहिल्या दिवसापासून जपायचा आणि जुन्याची वेगळी व्यवस्था लावायची.

नव्या पत्त्याचे नाव ठरवताना माझी दुसरी चूक उघड झाली. माझ्या डोमेनवर, म्हणजे पत्त्यातील शेवटच्या, संकेतस्थळाच्या नावावर, ‘कॅच-ऑल’ ही सोय चालू होती. डोमेनच्या आधी कोणतेही नाव लिहिले, तरी ते ईमेल माझ्याच पेटीत येत होते. नाव चुकीचे लिहिणाऱ्या अशिलाचे पत्र हुकू नये, म्हणून मीच कधी तरी ती चालू केली असावी. पण स्पॅम पाठवणारे केवळ गोळा केलेल्या पत्त्यांवर अवलंबून नसतात, ते दिसेल त्या डोमेनपुढे नेहमीची नावे लावून पाहतात. ‘इन्फो’, ‘सेल्स’, ‘सपोर्ट’, ‘वेबमास्टर’ ही नावे तर १९९७ च्या आरएफसी २१४२ मध्ये रूढ नावे म्हणून नोंदलेली आहेत. माझ्याकडे यांपैकी एकही पेटी नसताना या सगळ्या नावांवर ईमेल येत होते आणि मी ते निमूटपणे घेत होते. कॅच-ऑल आज बंद केले. ‘पोस्टमास्टर’ हे नाव तेवढे ठेवले, कारण ईमेल स्वीकारणाऱ्या डोमेनवर ते चालू असावे असा मूळ नियमच आहे.

नव्या पत्त्यात एक साधा मराठी शब्द आणि त्यापुढे वर्षाचे दोन अंक असतील. वर्ष घातले की पत्ता बदलणे ही आपत्ती राहत नाही, ते नेहमीचे काम होते. दिनदर्शिका बदलते तसाच पत्ता बदलायचा.

२० नोव्हेंबर

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. सकाळी रांगेत उभे राहून आले आणि दिवसभर पत्ता लपवण्याच्या पद्धती एकेक करून पाहिल्या. प्रत्येक पद्धतीला दोन प्रश्न विचारले: यंत्राला यातून पत्ता काढायला किती कष्ट पडतील, आणि साधा मोबाइल घेऊन बसलेल्या माणसाला किती पडतील?

सर्वांत जुनी युक्ती म्हणजे अ‍ॅट चिन्हाऐवजी कंसात ‘अ‍ॅट’ आणि टिंबाऐवजी ‘डॉट’ लिहिणे. ती इतकी रुळली आहे, की पत्ते शोधणाऱ्या प्रोग्रामला हे दोन शब्द शिकवायला एक ओळ पुरते. माणसाला मात्र पत्ता हाताने दुरुस्त करून लिहावा लागतो आणि मोबाइलवर ते करताना मध्ये रिकामी जागा राहून जाते. कष्ट माणसाच्या वाट्याला आणि अडथळा नाममात्र, म्हणून ही पद्धत बाद.

यातच एक आपल्या मुलखाची युक्ती सुचली. पत्ता सरळ देवनागरीत लिहावा, वाचणारा तो मनातल्या मनात रोमन अक्षरांत उतरवील. बॉटला हे जमणार नाही हे खरे, पण माणसालाही एकाच रीतीने जमणार नाही. मराठी शब्दाचे रोमन स्पेलिंग ज्याचे त्याचे वेगळे असते. ‘अनुवाद’ला कोणी ‘व्ही’ लावील तर कोणी ‘डब्ल्यू’, दीर्घ स्वर कोणी एका ‘ए’ने लिहील तर कोणी दोन. आपल्या गावाचे नावच पाहा. इंग्रजांच्या कागदपत्रांत ते ‘एस’नंतर ‘एच’ लावून लिहिले जात असे आणि काही जुन्या पाट्यांवर अजूनही तसेच दिसते. ज्या गावाच्या नावालाच दोन स्पेलिंगे आहेत, तेथील पत्ता लोकांनी अंदाजाने लिहावा ही अपेक्षा चुकीची ठरेल. पत्ताच संपूर्ण देवनागरीत ठेवणेही आता शक्य आहे. त्याची मानके २०१२ मध्ये आली आणि ‘.भारत’ हे डोमेन २०१४ मध्ये सुरू झाले. पण सगळ्या ईमेल सेवा असा पत्ता स्वीकारत नाहीत, त्यामुळे मन मोडून तोही विचार बाजूला ठेवला.

पुढची पद्धत अक्षरांऐवजी त्यांचे अंक लिहिण्याची. पाने ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये अ‍ॅट चिन्हाऐवजी अ‍ॅम्परसँड, हॅश, ६४ आणि अर्धविराम असे लिहिले, तर ब्राउझर त्याचे पुन्हा अ‍ॅट चिन्ह करून दाखवतो. माणसाला काहीच फरक पडत नाही, लिंक चालते आणि नक्कलही नीट होते. पण ब्राउझरला जे कळते, ते एचटीएमएल वाचणाऱ्या कोणत्याही प्रोग्रामला कळते. आमच्या घराशेजारी जेकार्ड चादरींचा कारखाना आहे. तेथे चादरीवरचा मोर पुठ्ठ्यावर भोकांच्या रूपात लिहिलेला असतो आणि माणसाने तो पुठ्ठा कितीही न्याहाळला तरी त्याला मोर दिसत नाही, मागाला मात्र तो क्षणात कळतो. मला नेमके याच्या उलट हवे आहे: माणसाला कळावे आणि यंत्राला कळू नये. अंकांची पद्धत केवळ आळशी बॉटना अडवते. फुकटात होते म्हणून ती दुसऱ्या एखाद्या पद्धतीच्या जोडीला ठेवता येईल, एकटी पुरणार नाही.

पत्त्याचे चित्र करून लावणे अनेकांना आवडते. चित्रावर बोट ठेवून ईमेल लिहिता येत नाही, त्यातील अक्षरे उचलता येत नाहीत आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी चित्राचे वर्णन लिहायचे झाले, तर त्या वर्णनात पुन्हा पत्ताच लिहावा लागतो. बाद.

कोडमध्ये पत्ता उलट्या क्रमाने लिहून पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसच्या मदतीने त्याची दिशा फिरवण्याची युक्ती हुशारीची आहे. पडद्यावर सगळे बरोबर दिसते. पण कोणी तो उचलून ईमेलच्या चौकटीत चिकटवला, की शेवटचे अक्षर पहिले होऊन उतरते आणि ते चुकले आहे हे पाठवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. तालुक्याच्या गावी सायबर कॅफेत बसलेला माणूस असा उलटा पत्ता टाकून उत्तराची वाट पाहत राहील. ही चूक अकरा तारखेच्या चुकीइतकीच वाईट.

याच घराण्यातील दुसरी युक्ती बरी वाटली. पत्त्याच्या मधोमध एक निरर्थक शब्द घालायचा आणि सीएसएसने तो तुकडा न दाखवण्याची सूचना द्यायची. जो बॉट खुणा काढून फक्त मजकूर ठेवतो, त्याला निरर्थक शब्दासह चुकीचा पत्ता मिळतो. माणसाला बरोबर पत्ता दिसतो आणि नक्कल करताना लपलेला तुकडा सहसा सोबत येत नाही. यावर लिंक लावता येत नाही, कारण लिंकमध्ये खरा पत्ता लिहावा लागेल. ही पद्धत पुढच्या फेरीत.

शेवटची पद्धत जावास्क्रिप्टची, म्हणजे पानासोबत ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडची. पत्त्याचे तुकडे कोडमध्ये वेगवेगळे ठेवायचे आणि ‘ईमेल लिहा’ या बटणावर बोट ठेवल्यावरच ते जोडून ईमेल अ‍ॅप उघडायचे. पान उघडताच तुकडे जोडले, तर ब्राउझरसारखे पान चालवून पाहणाऱ्या बॉटलाही पत्ता मिळतो. असे बॉट असतात, पण त्यांना प्रत्येक पानासाठी अधिक वेळ आणि अधिक संगणकशक्ती खर्चावी लागते, आणि लाखो पाने चाळणाऱ्याला तो खर्च जड जातो. जोडणी बटण दाबल्यावर केली, तर अशा बॉटला प्रत्येक पानावरची बटणेही दाबत बसावे लागेल. माणसाच्या बाजूने पाहता एका बोटाचे काम आहे. ही पद्धतही पुढच्या फेरीत.

रात्री एक लपलेले पान तयार केले. त्यावर चार परीक्षेचे पत्ते ठेवले: एक उघडा, एक अंकांत, एक लपलेल्या तुकड्याचा आणि एक बटणामागचा. चारही पेट्या वेगळ्या आहेत. पान शोधयंत्रांना कळावे म्हणून मुख्य पानाच्या तळाशी त्याची बारीक लिंक दिली.

२४ नोव्हेंबर

ज्या वकिलांचे कागद मी अनेक वर्षे पाहते, त्यांच्यापैकी एकांना दिसत नाही. ते पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणाऱ्या एनव्हीडीए या मोफत पडदा-वाचकाच्या मदतीने संगणक वापरतात. त्यांना फोन करून दोन्ही पद्धतींची पाने उघडायला सांगितली. लपलेल्या तुकड्याचा पत्ता वाचकाने अडखळत, पण बरोबर वाचला आणि निरर्थक शब्द गाळला. बटणाच्या बाबतीत ते म्हणाले, “मॅडम, इथे बटण आहे असं ऐकू येतंय, पण कशाचं ते येत नाही.” बटणावर मी फक्त पाकिटाचे चित्र ठेवले होते. “चूक झाली, वकीलसाहेब, आता लावते,” असे म्हणून फोन चालू असतानाच त्यावर ‘ईमेल लिहा’ असे शब्द घातले आणि त्यांनी पान पुन्हा उघडून होकार दिला.

मग त्यांना गंमत म्हणून उलट्या क्रमाचे पान ऐकवले. पडदा-वाचकाने ते ज्या भाषेत वाचले, ती आमच्या चारही भाषांत बसणारी नव्हती.

२७ नोव्हेंबर

ज्यांना हे काम सांगितले त्यांतील बहुतेकांचा सल्ला एकच होता: पत्ता काढून टाक आणि फॉर्म लाव. म्हणून फॉर्मचा विचार एकदा नीट करून संपवून टाकला.

फॉर्मने पत्ता लपतो, स्पॅम थांबत नाही. फॉर्म भरणारे बॉट वेगळे असतात आणि ते दिसेल तो रकाना भरतात. त्यांना पकडायला माणसाला न दिसणारा एक जास्तीचा रकाना ठेवतात आणि तो भरलेला आला, की तो संदेश टाकून देतात. पान उघडल्यापासून दोन सेकंदांत आलेला संदेशही टाकता येतो, कारण इतक्या वेगाने कोणी लिहीत नाही. हे सगळे करता येण्यासारखे आहे. पण पाठवणाऱ्याच्या नावाच्या रकान्यात नव्या ओळीचे चिन्ह घुसवून, त्यापुढे स्वतःचे शीर्ष, म्हणजे ईमेल कोणाकडून, कोणाला जाणार हे सांगणाऱ्या ओळी, जोडून, आपल्याच फॉर्ममधून जगभर स्पॅम पाठवण्याचा प्रकारही जुना आहे. तो अडवण्यासाठी प्रत्येक रकाना तपासणारा कोड लिहावा लागतो आणि सांभाळावा लागतो. माणूस आहे की बॉट हे तपासणारा कॅप्चा लावला, तर पहाणीच्या अनुवादाचा दर विचारायला आलेल्या माणसाला आधी वाहतुकीचे दिवे ओळखून दाखवावे लागतील. ते मला पटत नाही.

खरी अडचण मात्र कागदांची आहे. माझे अशील फोटो पाठवतात, म्हणजे फॉर्मला फाइली घेण्याची सोय हवी आणि लोकांचे जमिनीचे व घरगुती दाव्यांचे कागद माझ्या भाड्याच्या सर्व्हरवर साठवून ठेवण्याची जबाबदारी ओघानेच आली. शिवाय ईमेल पाठवला की पाठवणाऱ्याकडे त्याची प्रत राहते. फॉर्म भरणाऱ्याकडे ‘धन्यवाद’ एवढेच राहते. तारीख हुकलेल्या माणसाकडे निदान २३ ऑक्टोबरला लिहिल्याचा पुरावा होता. फॉर्म नको.

१ डिसेंबर

नवी व्यवस्था आज चालू केली. संपर्काच्या पानावर वर बटण आणि खाली लपलेल्या तुकड्याच्या पद्धतीने लिहिलेला पत्ता आहे. ज्यांच्या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट बंद आहे, त्यांना खालचा पत्ता पुरतो. पानांच्या तळाशी आता पत्ता नाही, संपर्काच्या पानाची लिंक आहे. पीडीएफमधील पत्ता काढून तेथे संकेतस्थळाचे नाव आणि दुकानाचा फोन दिला. संपर्क-फाइल, रचनाबद्ध माहिती आणि त्या मुलाचे टिपण, तिन्ही ठिकाणे साफ केली.

बटणाला एक अधिक काम दिले, आणि या सगळ्या खटाटोपात मला तेच सर्वांत जास्त आवडले आहे. मेलटू लिंकमध्ये विषय आधीच भरून देता येतो. आरएफसी ६०६८ मध्ये त्याची रीत दिली आहे. बटण दाबले, की ईमेल उघडतो आणि विषयात ‘अनुवाद’ हा शब्द आधीच असतो. पाठवणाऱ्याने त्यापुढे काही लिहिले तरी चालते, नाही लिहिले तरी चालते. पेटीत नियम केला आहे, की विषयात हा शब्द देवनागरीत असेल, तर गुण कितीही असोत, ईमेल सरळ आत यावा. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते आणि लिंकमध्ये प्रत्येक बाइट टक्केवारीच्या खुणेसह तीन अक्षरांत लिहावा लागतो. त्यामुळे ‘अनुवाद’ या सहा चिन्हांचे लिंकमध्ये चोपन्न अक्षरांचे शेपूट होते. ते दिसायला भयंकर आहे, पण कोणालाही दिसत नाही.

स्पॅमअसॅसिनची मर्यादा पुन्हा ५ केली.

१५ जानेवारी २०२५

सिद्धरामेश्वरांची यात्रा. नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे रस्ते बंद, पाहुणे घरात आणि गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, जायचा मुलांचा हट्ट, त्यामुळे चार दिवस संगणक उघडला नाही. आज परीक्षेच्या पेट्या पाहिल्या. उघड्या पत्त्यावर पहिला स्पॅम डिसेंबरातच आला होता आणि आता रोज काही ना काही येते. अंकांतल्या पत्त्यावरही येऊ लागले आहे, फक्त उशिरा आणि कमी. उरलेल्या दोन पेट्या रिकाम्या आहेत. एका लहानशा संकेतस्थळावरच्या आठ आठवड्यांवरून सर्वसाधारण नियम काढता येणार नाही, पण माझ्या निर्णयाला एवढे पुरेसे आहे. परीक्षेचे पान काढून टाकले.

२६ जानेवारी

जुन्या पत्त्याचे काय करायचे, हा प्रश्न मी टाळत होते. तो तडकाफडकी बंद करता येत नाही, कारण गेल्या सात वर्षांतील प्रत्येक अनुवादाच्या शेवटच्या पानावर माझ्या शिक्क्याखाली तोच छापलेला आहे आणि ते कागद न्यायालयांच्या फाइलींत आहेत. एखाद्या वकिलाला चार वर्षांपूर्वीच्या अनुवादाबद्दल विचारायचे असेल, तर तो त्याच पत्त्यावर लिहील.

आपोआप उत्तर लावून नवा पत्ता कळवावा, हा पहिला विचार आला आणि तो लगेच सोडला. स्पॅममधील पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटा असतो. माझे आपोआप उत्तर ज्याने काही लिहिलेच नाही अशा भलत्याच माणसाला जाईल, म्हणजे मीच त्याच्यासाठी स्पॅम पाठवणारी होईन. शिवाय त्या उत्तरात नवा पत्ता उघडा लिहिलेला असेल, मग दोन महिन्यांचे काम पाण्यात.

म्हणून दोन टप्पे ठरवले. या वर्षाअखेरपर्यंत जुन्या पत्त्यावर ज्यांच्याशी पूर्वी पत्रव्यवहार झाला आहे त्यांचे आणि विषयात ‘अनुवाद’ असलेले ईमेल आत येतील. बाकीचे एका वेगळ्या कप्प्यात जातील आणि तो मी दर शनिवारी डोळ्यांखालून घालीन. त्यानंतर पत्ता बंद करताना सर्व्हरने ईमेल घेऊन नंतर परत पाठवायचा नाही, तर दारातच नाकारायचा. देवाणघेवाण चालू असतानाच ५५० हा क्रमांक आणि त्यापुढे ‘हा पत्ता बंद आहे, संकेतस्थळ पाहावे’ एवढे वाक्य दिले, की खऱ्या माणसाची ईमेल सेवा त्याला ते कळवते. स्पॅम पाठवणारा प्रोग्राम उत्तर न वाचता पुढच्या पत्त्याकडे वळतो आणि तिसऱ्या कोणाला त्रास होत नाही. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये हे वाक्य लिहिण्याची सोय आहे, ती आजच तपासून ठेवली.

९ फेब्रुवारी

जुन्या पेटीत अधूनमधून ‘तुमचा ईमेल पोहोचला नाही’ अशा सूचना येतात, आणि ते ईमेल मी पाठवलेलेच नसतात. गोळा केलेला पत्ता पाठवणारा म्हणूनही वापरला जातो, त्याचा हा परिणाम. डोमेनच्या नोंदींत एसपीएफ, म्हणजे या डोमेनचे ईमेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात याची यादी, होती, पण ईमेलवर डिजिटल सही करणारे डीकेआयएम आणि तपासणीत न उतरलेल्या ईमेलचे काय करायचे हे सांगणारे डीमार्क नव्हते. दोन्ही घातले. डीमार्कचे धोरण सध्या फक्त अहवाल मागवण्याचे ठेवले आहे. माझे स्वतःचे सगळे ईमेल या तपासणीत उतरतात अशी खात्री झाली, की ते कडक करीन. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू पाठवणाऱ्यांकडून अशा ओळखीच्या खुणा मागतात, तेव्हा हे काम खरे तर वर्षापूर्वीच व्हायला हवे होते.

१९ फेब्रुवारी

नव्या पत्त्यावर आज पहिला स्पॅम आला.

सकाळी तो पाहून बराच वेळ कोड पुन्हा पुन्हा तपासला, कोठे पत्ता उघडा राहिला आहे का ते पाहिले, काहीच सापडले नाही. मग ईमेल शांतपणे उघडून पाठवणाऱ्याचे नाव वाचले, तर ते माझ्याच एका जुन्या अशिलाचे होते. मजकूर इंग्रजीत, एक लिंक आणि ‘तातडीने पाहावे’ अशी विनंती. हे गृहस्थ मला नेहमी कन्नडमध्ये लिहितात आणि त्यांना आयुष्यात कशाचीही तातडी नसते. ईमेलची शीर्षे पाहिली, तर तो खरोखरच त्यांच्या खात्यातून निघाला होता. त्यांचे खाते कोणाच्या तरी हाती लागले होते आणि त्यांच्या पत्त्यांच्या यादीतील सगळ्यांना तोच ईमेल गेला होता. माझा पत्ता त्या यादीत होता, कारण तो मीच त्यांना डिसेंबरात दिला होता.

त्यांना फोन केला. प्रथम त्यांचा विश्वास बसेना, मग म्हणाले, “अहो, मला तरी सकाळपासून सगळे विचारायलेत, काय पाठवलं म्हणून.” पासवर्ड कसा बदलायचा, सगळ्या उपकरणांवरून खाते कसे बाहेर काढायचे आणि दोन टप्प्यांची तपासणी कशी लावायची, हे फोनवर एकेक पायरी करून सांगितले. पासवर्डात नातवाचे नाव घालू नका, हेही सांगितले, आणि पलीकडे क्षणभर जी शांतता पसरली तिच्यावरून जुना पासवर्ड काय असावा ते कळले.

या प्रसंगानंतर ओळखीच्यांना देण्याचा पत्ता आणि संकेतस्थळावरचा पत्ता वेगळे केले. मूळ नावापुढे अधिक चिन्ह लावून त्याच पेटीचे अनेक पत्ते करण्याची सोय असते, पण पुष्कळ फॉर्म ते चिन्ह नाकारतात आणि यादी करणारे चिन्हापासूनचा भाग सहज कापून टाकतात. म्हणून दोन स्वतंत्र पत्तेच केले. यापुढे कचरा कोणत्या दारातून आला, हे निदान कळेल.

२ मार्च

शनिवारचा कप्पा काल पाहिला. त्यात कामाचे एकही पत्र नव्हते. आज सकाळी इंडी तालुक्यातून एका बाईंचा ईमेल आला आहे. विषयात बटणाने घातलेला ‘अनुवाद’ हा शब्द, त्यापुढे त्यांनी काहीच लिहिलेले नाही, मजकूरही नाही, फक्त वारसनोंदीच्या चार कागदांचे फोटो जोडले आहेत. मर्यादा ५ असतानाही तो गाळणीत अडकला असता की काय, ते पाहण्यासाठी शीर्षांतील गुण पाहिले: ५.३. नियमामुळे तो आत आला.

तिसरा फोटो हलला आहे, तो पुन्हा पाठवायला त्यांना लिहिले. नवा पत्ता करण्याची आठवण २० डिसेंबरच्या पानावर टाकली.